तंबूतली फीत आणि काकीच्या खापरोळ्या

परवा दुपारी टीव्हीवर एका बाईनं खापरोळ्या, आमच्याकडचे ते रसात बुडवायचे जाळीदार घावन, करून दाखवल्या. छान नटलेली बाई, दोन्ही हातांत बांगड्या, आणि त्यातली एकही वाजत नव्हती. आता बाई पीठ ढवळतेय आणि बांगडी वाजत नाही, हे कसं? पीठ तिनं कुठल्याशा पाकिटातलं घेतलं, त्यात चमचाभर सोडा घातला आणि म्हणाली, दहा मिनिटांत तयार. वर रसात केशर! नारळाच्या रसात केशर घालणारीला काय म्हणावं? मी सुनेला म्हटलं, "बंद कर गो ता."

"आई, तुमच्याकडच्या पदार्थाचं कौतुक करतायत, आणि तुम्हीच बंद करा म्हणता."

तिला काय सांगू? सोड्यानं जाळी पडते, ते खरं. पण खापरोळीचं पीठ रात्रभर आपल्या मनानं वर यावं लागतं. सकाळी झाकण काढून बघावं लागतं, कुठवर आलंय ते. लहानपणी मी एकदा तसं बघितलंय. त्या पिठापायी मी जे केलं ते अजून माझ्या मागे आहे.

टीव्हीबद्दल माझी तशी तक्रार नाही हां. मालिका मी सगळ्या बघते. त्यातल्या बायका नथ घालून झोपतात, ते मी सोडून देते. सणाचा स्वयंपाक करतात आणि कुणाच्या कपाळाला घाम नसतो, तेही सोडून देते. पण एक मला बघवत नाही. मालिकेत बुडालेला माणूस परत येतो. सून आधीच सांगते, "बॉडी मिळाली नाही ना आई, म्हणजे हा येणार बघा." आणि येतोच तो, दाढी वाढवून, दारात. सून हसते. मी उठून पाणी प्यायला जाते.

आणि बातम्या लागल्या की बोलणाऱ्या माणसाकडे माझं लक्ष नसतं. मागून जाणारी माणसं मी बघते. कुणाच्या खांद्यावर ओझं असलं तर पुढे सरकून बघते. आता कोण दिसणार आहे? पण सवय लागली ती लागली. ती कशी लागली तेच सांगायचं आहे.

आमचं घर मालवणच्या किनाऱ्याला. मागे माड, पुढे भाताचा मळा, आणि वारा पश्चिमेचा असला की न दिसणारा समुद्र ओटीवर बसून ऐकायला यायचा. घरात बाबा, आई, मी आणि काकी. काका, म्हणजे बाबांचा पाठचा भाऊ, बोटीवर खलाशी होता. मी त्याला बघितलेला नाही. मी आईच्या पोटात यायच्या आधी तो गेला तो गेलाच. लढाईचे दिवस होते. त्याच बोटीवर शेजारच्या गावचा एक जण होता, तो परत आल्यावर सांगून गेला, की कुठल्याशा परमुलखातल्या बंदरात काका पाय मोकळे करायला उतरला आणि बोट सुटली तेव्हा चढला नाही. बुडाला नाही, आजारी पडला नाही, कुणाशी भांडला नाही. उतरला. एवढंच.

तेव्हा काकीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती.

काकी गंभीर बाई असेल असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं नाही. आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलायची ती काकी, आणि हसायची पण तीच. हातात कोपरापासून मनगटापर्यंत हिरव्या बांगड्या, कपाळाला पैशाएवढं कुंकू. विहिरीवर बायका तिला नवऱ्यावरून चिडवायच्या, "घोव नाय हडे आनि बांगड्यो इतक्यो कोणाक दाखवतंस गो?" तर ती म्हणायची, "तुझ्या घोवाक दाखवतंय! तुझ्या हातात दोनच उरल्यो, तेचो जीव रमाक नको?" सगळी विहीर हसायची. पण संध्याकाळी अंगणात पाऊल वाजलं, कुत्रं भुंकलं, नुसती माडाची झावळी पडली, तरी काकी हातातलं टाकून म्हणायची, "कोण ता?" रोज. जेवण अर्धं राहिलं असलं तरी. "कोण ता?"

आमच्यात बारा वर्षं वाट बघतात. परागंदा झालेल्याचा बारा वर्षांत पत्ता लागला नाही, की दर्भाचा पुतळा करायचा, त्याला माणसासारखा अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. मग तो गेला असं धरायचं, आणि दर भाद्रपदात म्हाळाला बाकीच्या पितरांबरोबर त्याचं पान वाढायचं. बायकोनं बांगड्या उतरवायच्या, कुंकू पुसायचं.

मी अकरा वर्षांची झाले तेव्हा ती बारा वर्षं भरत आली होती. बाबांनी भटजींना विचारून ठेवलं होतं, पुढच्या अवसेला पुतळा करायचा. बाबा वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं होतं, "भाव उपाशी रवलो असात तर? म्हाळाक सगळे जेवतत, तेका कोण जेवूक घालता?" गेलेल्या माणसाला पान नाही म्हणजे तो दारोदार फिरतो असं आमच्याकडे मानतात. आणि जित्या माणसाचं पान वाढणं म्हणजे त्याला आपल्या हातानं मारणं. त्या दोन्हींच्या मध्ये बाबा बारा वर्षं उभे होते.

आता म्हाळाचं निघालंच आहे तर सांगते, वर्षातलं सगळ्यात चवीचं जेवण कुठलं विचाराल तर मी म्हाळाचंच म्हणेन. लोक मोदकाचं नाव घेतात. मोदक चांगलाच, पण चार खाल्ले की माणूस गप्प होतो. पातोळ्या मला जास्त आवडतात, हळदीच्या पानाचा वास हाताला दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. दिवाळीचे पोहे पाच तऱ्हेचे करतात, मी म्हणते दोन पुरेत, गुळाचे आणि ताकातले. पण म्हाळाचे वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, तांदळाची खीर, ती चव दुसऱ्या कुठल्या दिवशी येत नाही. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. मेलेल्यांच्या नावानं केलेलं इतकं गोड का लागावं?

सगळे सण आमच्या घरी व्हायचे, सगळं केलं जायचं. फक्त खापरोळ्या होत नसत. काका खापरोळीवर जीव टाकायचा म्हणे. जायच्या दिवशी सकाळी काकीनं त्याला करून घातल्या होत्या, आणि तो गेल्यावर तिनं खापर, म्हणजे तो मातीचा तवा, धुऊन माळ्यावर पालथं घातलं. "तो येतलो तेव्हा करतलंय." बाकी कुणी करायचं नाही. शेजारी केल्या तर आईची ताकीद होती, कुणी हातात ठेवली तरी खायची नाही, काकीला लागेल. तेव्हा अकरा वर्षांची होईपर्यंत मी खापरोळीचा वास घेतला होता, चव घेतली नव्हती. कुणाच्या घरातून तो गुळाचा, नारळाच्या रसाचा वास आला की मी कुंपणाशी उभी राहायची. आई मागनं येऊन कान धरायची.

त्या वर्षी माघात, जत्रेच्या आधी, आमच्या कापलेल्या मळ्यात तंबूचा सिनेमा आला. बैलगाडीतून मशीन, बांबू, पडदा, धडधडणारं इंजिन. घाटावरचा एक माणूस मालक, तोच मशीन चालवी, तोच तिकिटं फाडी. दिवेलागणीला खेळ सुरू. मधोमध कनात, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. खाली मळ्यातली ढेकळं, त्यावर आपापलं गोणपाट.

पौराणिक चित्र होतं. राणीला वनवास, पोटात बाळ, मागे राक्षस. राक्षस चांगला होता, माझं आजही म्हणणं आहे की त्याच्याइतकं कुणी मनापासून काम केलं नाही. राणी रडायची तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं, नाकातून कधी नाही. आई म्हणाली, "येवढो मोठो राजवाडो, आनि एक मोरी नाय खंय." आणि काकी तर पडद्याशीच बोलायची. राणी झाडाखाली बसून गाणं म्हणायला लागली तर ही मोठ्यानं म्हणाली, "गो बाये, दोन दिस पोटात काय नाय तुझ्या, गाना खंयसून येता?"

मागची बाई म्हणाली, "फटकी येवंदे तुज्या तोंडाक, ऐकाक दी गे आमका!"

"तू ऐक. मी तिका इचारतंय, तुका नाय."

पण हे पुढचं. चित्र सुरू व्हायच्या आधी सरकारी बातम्यांची एक फीत दाखवत, तो नेम होता. कुठे पूल, कुठे भाषण, मागनं इंग्रजी बोलणारा. बायका तोपर्यंत पोरांना निजवून घ्यायच्या, पान लावायच्या. त्या दिवशीच्या फितीत एक बंदर होतं. मोठी बोट लागलेली, फळीवरून माणसं ओझी घेऊन उतरत होती. एक माणूस अर्ध्यात थांबला. ओझं खाली न ठेवता त्यानं ते मानेमागून या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, मोकळा झालेला हात सदऱ्यावर पुसला, आणि क्षणभर मागे वळून बघितलं. बघितलं ते आमच्याकडेच. मग तो माणसांत गेला. पुढे पूल की काय ते सुरू झालं.

काकीनं माझं मनगट धरलं होतं. सोडलं तेव्हा तिच्या बोटांचे वळ उठले होते.

ती काही ओरडली नाही. चित्रभर बोलत राहिली, थट्टा केली, ती मघाशी सांगितली ना, ती त्यानंतरची. मळा ओलांडून घरी येताना म्हणाली, "वयनी, तो होतो."

आई म्हणाली, "कोण गे?"

"तोच. ओझा तसाच बदलता तो. हात पुसता तसोच."

अंधारात आम्ही तिघी चालत होतो, आणि मला सारखं वाटत होतं की आमच्या मागून चौथं कुणी तरी ढेकळांवरून येतंय. मी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकी परत गेली. तिसऱ्या दिवशी परत. फीत संपली की उठून यायची, राणीच्या वनवासाला थांबायची नाही. चौथ्या दिवशी बाबा गेले. सिनेमाला नावं ठेवणारे बाबा, डोक्याला पंचा गुंडाळून पुरुषांच्या बाजूला मागे बसले. घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले नाहीत. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "चाल तीच आसा. ओझा घेवची रीत तीच. तोंड नीट दिसाक नाय."

मग ते ओटीवर जाऊन बसले. काकी दाराच्या आड उभी. त्यांनी तिच्याकडे न बघता, आईला सांगितल्यासारखं सांगितलं, "फीत कधीची ता कळाक व्हया. ह्या वर्साची असात, तर तो जिवंत आसा. मी पुतळो करूचंय नाय. जुनी असात, तर तेका काय अर्थ नाय. अवस ठरल्याप्रमाणे."

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं त्या तंबूवाल्याला. पण बाबांनी विचारलं असतं तर दुसऱ्या मिनिटाला अख्ख्या गावात गजाली झाल्या असत्या. काकीला तर त्या माणसासमोर जाता येत नव्हतं. परवाच्या दिवशी तंबू हलणार होता. तेव्हा काकी मला म्हणाली, "चेडवा, तू फाल्या सकाळी जा. फीत कधीची, येवढाच इचार. तुका कोण काय म्हणाचा नाय."

आणि त्या संध्याकाळी तिनं माळ्यावरून खापर काढलं.

आईनं ते बघितलं. "अगो, आधी कळांदे तरी," म्हणाली. काकी म्हणाली, "पीठ येवक रात जाता वयनी. सकाळी कळल्यार मग भिजत घालू?" तांदूळ, उडदाची डाळ, मेथी, मूठभर पोहे, सगळं दुपारीच भिजवलेलं होतं तिनं, कुणाला न सांगता. रगड्यावर बसून वाटलं. मी खवलेला नारळ तिच्यासमोर ठेवत होते. ती काय काय बोलत होती. तो कसा आला की आधी विहिरीवर जाईल, कसा हसेल, मला बघून काय म्हणेल. "इतक्या मोठा चेडू खंयसून इला म्हणात!" म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

सकाळी मी निघताना मडक्यावरचं फडकं बाजूला करून बघितलं. पीठ काठापर्यंत आलं होतं. वर बुडबुडे, हळदीचा पिवळेपणा, आणि तो आंबूस वास. कान जवळ नेला तर आत बारीक बारीक फुटत होतं. जिवंत काहीतरी असावं तसं.

तंबूवाला भाकरीवर मिरचीचा ठेचा घेऊन खात होता. मी विचारलं, आधी दाखवता ती बातम्यांची फीत कधीची?

"का गं?"

"असंच."

"या खेपेला ताजी फीत आलीच न्हाई. गाडी चुकली. पेटीत तळाला ही पडलेली, चालवली." त्यानं घास गिळला. "लढाईच्या टायमाची हाय ती. बारा-तेरा वर्सं तर झाली असतील. जुनीपुरानी. तुटायला आलीया आता."

बारा-तेरा वर्षं. म्हणजे तो फळीवरचा माणूस काका असला तरी तो हरवायच्या आधीचा काका. किंवा हरवला त्याच दिवसाचा. वळून बघितलं ते काय बघितलं त्यानं, ते मी अजून विचार करते.

मळा फार मोठा नव्हता. पण मी तो किती वेळ चालले कुणास ठाऊक. बांधाच्या वळणावर काकी उभी होती. कळशी काखेत, पाण्याला निघाल्यासारखी. कळशी रिकामी होती. मला बघितलं आणि तिनं कळशी खाली ठेवली.

"काय म्हणालो तो?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग हातांकडे. शेजारच्या घरी आदल्या वर्षी एक बाई नवऱ्यामागे राहिली होती. तिच्या बांगड्या दगडावर फोडलेल्या मी बघितल्या होत्या. ते मला आठवलं. हे खरं आहे. पण सगळं खरं सांगायचं तर तेवढंच आठवलं नाही. मला ते मडकं आठवलं. मी खरं सांगितलं असतं तर ते पीठ माडाच्या मुळात ओतलं गेलं असतं, खापर परत माळ्यावर गेलं असतं, आणि या वेळी कायमचं. अकरा वर्षं मी कुंपणाशी उभी राहून वास घेतला होता.

मी म्हटलं, "ह्या वर्साची."

काकीनं पुन्हा विचारलं नाही. नक्की का, काय म्हणाला, कसं म्हणाला, काही नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, कळशी उचलली आणि घराकडे वळली. पाणी न भरताच.

त्या सकाळी बाबा भटजींकडे जाऊन अवसेचं रद्द करून आले. काकीनं चुलीवर खापर चढवलं. माडाच्या सोडणाला, म्हणजे काथ्याच्या तुकड्याला, तेल लावून ती खापरावर फिरवायची, वाटीनं पीठ ओतायची, झाकण ठेवायची. झाकण काढलं की वर जाळी, खाली सोन्यासारखा रंग. एकाच बाजूनं भाजायची ती, उलटायची नाही. मग गुळाच्या रसात बुडवायची. मी नऊ खाल्ल्या. बाबांनी सात खाल्ल्या, आठवी पानात तशीच ठेवून उठले आणि मागच्या पडवीत जाऊन उभे राहिले. आई डोळे पुसत म्हणाली, धुरानं.

मला विचाराल तर त्यापेक्षा चांगलं मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही. त्यानंतर खापरोळीचा घास माझ्या घशाखाली उतरलेलाही नाही.

काकीनं स्वतः त्या दिवशी खाल्ली नाही. "माका नंतर," म्हणाली.

पुढची वर्षं कशी गेली ते काय सांगू. काकी होती तशीच राहिली, विहिरीवर हसवणारी. फक्त संध्याकाळचं "कोण ता?" पूर्वी मी ऐकून सोडून द्यायची, आता ते मला लागायला लागलं. झावळी पडली, "कोण ता?" मांजर उडालं, "कोण ता?" प्रत्येक वेळी मी मनात उत्तर द्यायची, कुणी नाही काकी, मी खोटं बोलले. तोंडातून निघायचं नाही. कधी कधी मला खरंच पाऊल ऐकू यायचं. अंगणात येऊन थांबलेलं, ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेणारं.

आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली नाही. पुढच्या माघात तंबू परत आला. मी म्हटलं, "काकी, जावया?" म्हणाली, "तू जा आवशी वांगडा. माका नको." मी आईबरोबर गेले. त्यानंतर दर वर्षी तंबू आला, ती एकदाही गेली नाही. फितीत नवरा बघितलेली बाई, ती फीत या वर्षाची असं जिला वाटतं, ती पुढच्या वर्षीची फीत बघायला धावत नाही का जाणार? मी लग्न होऊन कणकवलीकडे गेले, दोन पोरांची आई झाले, तेव्हा कुठे एका दुपारी दळताना हा विचार माझ्या मनात आला, आणि जातं थांबलं. काकीला कळलं होतं का? त्या वळणावरच, माझ्या तोंडाकडे बघून? मी तिला कधी विचारलं नाही.

ती गेली ती साठ सालानंतर बऱ्याच वर्षांनी, श्रावणात. तापाचं निमित्त. मी पोचले तेव्हा बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, ओटी भरत होत्या, हातात बांगड्या तशाच. "भाग्याची गे," एक म्हणाली. "सवाष्ण गेली." माझ्या हातात कुंकू दिलं. मी तिच्या कपाळाला लावलं. वाकडं लागलं ते पुसून पुन्हा लावलं, ते बघून त्या म्हणाल्या, चेडू मायेचं आहे.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला वाढतात. त्या भाद्रपदात मी माहेरी गेले. काकीचं पहिलं पान. वडे, सांबारं, खीर. बाबा थकले होते. पान बाहेर ठेवून आल्यावर ते ओटीवर बसले, आणि मी त्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "चेडवा, एक इचारू? ती आता नाय. तिका लागाचा नाय काय." त्यांनी तांब्या हातात घेतला. "तंबूवाल्यान नक्की काय सांगल्यान होता?"

बघा, तेव्हा मी अकरा वर्षांची नव्हते. तिथं मडकं नव्हतं, पीठ नव्हतं. काकीच्या बांगड्या तिच्याबरोबर गेल्या होत्या. खरं सांगितलं असतं तर कुणाचं काही मोडणार नव्हतं. सर्वपित्री अवसेला बाबांनी भावाचं पान वाढलं असतं. पण मग त्यांना कळलं असतं की त्यांचा भाऊ इतकी वर्षं उपाशी फिरत होता, आणि तो त्यांच्याच दारातून उपाशी परत जात होता. त्यांचे पाय सुजलेले मला दिसत होते.

मी म्हटलं, "ह्या वर्साची म्हणालो तो, बाबा."

त्यांनी मान हलवली. "मगे बरां," म्हणाले. पाणी प्यायले.

पहिल्या खोट्याला मी पोर होते असं म्हणता येतं. दुसऱ्याला काय म्हणू? दोन वर्षांनी बाबा गेले. मला भाऊ नाही, तेव्हा आता म्हाळाला माझा मुलगा त्यांचं पान वाढतो, आईचं वाढतो, नवमीला काकीचं वाढतो. काकाचं नाही. कुणाला माहीत असतं तर वाढलं असतं, आणि माहीत असलेली मी एकटीच उरले. मी पान वाढायला सांगायचं तर कुठल्या तोंडानं? आणि समजा, समजा तो कुठल्या परमुलखात खरंच म्हातारा झाला असेल, पोराबाळांत, तर? काकीला जिथं तो जिवंत ठेवायचा होता तिथून मी त्याला कसा ओढून आणू?

तेव्हा मी एक करते. बरीच वर्षं करते. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तांदूळ, डाळ, मेथी, पोहे भिजत घालते. अवसेला म्हाळाचं सगळं आटोपलं की चुलीवर खापर ठेवते. सुनेनं गॅस घेतला, पण खापराला मी चूल ठेवली आहे. नऊ खापरोळ्या करते, रसात बुडवते, आणि केळीच्या पानावर वाढून मागच्या पडवीत ठेवते. पुढ्यात पाट मांडते, पाण्याचा तांब्या ठेवते. जित्या पाहुण्याला ठेवतात तसं. घरात नाही, बाहेर नाही, पडवीत. पितर असेल तर पान आहे, माणूस असेल तर पाट आहे. मी मागे वळून बघत नाही. सकाळी पान रिकामं असतं. कावळा असेल, मांजर असेल.

सून विचारते, "आई, हे कुणाचं?" मी म्हणते, आमच्याकडे पद्धत आहे. तिला आता हे लिहिलेलं वाचून कळेल.

उद्या सर्वपित्री. सकाळी भिजत घातलेलं सगळं वाटून झालंय, मडकं फडक्यानं बांधून कोपऱ्यात ठेवलंय. बाहेर दिवेलागण झाली आहे, सून मालिका लावून बसली आहे. आत्ता लिहिता लिहिता मागच्या अंगणात काही तरी वाजलं. झावळी असेल.

मी सुनेला म्हटलं, जरा आवाज बारीक कर, आणि मागच्या दाराशी जाऊन विचारलं, "कोण ता?"